बाबांची अर्धवट प्रार्थना

सोलापूर, १९७२

बंधुभगिनींनो, आज दुपारी घरी घडलं ते लिहून चर्चच्या फलकावर लावतेय. मला एकटीला पेलत नाही.

आमचे बाबा वीस वर्षं एकाच कारखान्यात चादरी विणत होते. आज मालकानं कच्च्या रंगाच्या चादरींवर ‘पक्का रंग’ असा शिक्का मारायला सांगितलं. बाबा नाही म्हणाले. तासाभरात घरी आले, कामावरून काढलेले.

आई म्हणाली, "ह्या दुष्काळात दुसरं काम कुटं मिळंल? शिक्का मारला असता तर हात झडले असते व्हय?"

बाबा जेवायला बसले, हात जोडले. "प्रभू, आहे त्यात आम्ही समाधानी..." एवढं म्हणून थांबले आणि न जेवताच उठले.

जन्मभर त्यांनीच आम्हाला समाधान शिकवलं. ती प्रार्थना मलाही पुरी करता आली नाही. तुमच्यापैकी कुणाला आली असती?