परमुलखातल्या नदीवरची आखाजी

अभिमन आबांची दिपमाला फौजेत गेली तेव्हा गावाला वाटलं, सरकारची काहीतरी चूक झाली. पोर अंगानं काडी, पण जीभ अशी की भांडायला आलेली बाई पाणी मागून परत जायची. शिंदखेड्याजवळ बुराई नदीच्या काठी त्यांचं घर. थोडी कपाशी, दोन गाई, आणि ही एकुलती पोर. पहाटे ती डांबरी रस्त्यानं धावत निघायची, तेव्हा शेजारची कुंदाबाई तिच्या आईला, वच्छलाबाईला, विचारायची की पोरीच्या मागं कुत्रं लागलं की काय. वच्छलाबाई सांगायची, कुत्रं परवडलं असतं, हे भरतीचं वेड आहे.

पण वेड खरं निघालं. दिपमाला भरती झाली, बंगळूरला जाऊन शिकली आणि मिलिटरी पोलिसात लागली. पुढं तिला निळी टोपी देऊन आफ्रिकेत धाडलं, दक्षिण सुदानला. तिथं शांतता राखायला सगळ्या जगाच्या फौजा जातात, त्यात आपलीही. आबांनी धुळ्याहून जगाचा नकाशा आणून भिंतीवर लावला. वच्छलाबाईनं शिंदखेड्यावर करंगळी टेकवली आणि मोजलं, तर सुदान चार बोटांवर. मग तिला जरा बरं वाटलं. चार बोटं म्हणजे काही लांब नाही.

त्या देशात माणसाची सगळी पत गाईवर. सोयरीक जुळते ती गाई देऊन, आणि खून मिटतो तोही गाई देऊन. मग वैर कशावरून होणार? दिपमालाची तुकडी होती तिथं एक मोठी नदी. अलीकडच्या काठाची माणसं वेगळी, पलीकडची वेगळी. गुरं पळवण्यावरून दोघांत माणसं मेलेली. त्यात घटसर्पाची साथ आली. सकाळी चरायला गेलेल्या गाईचा गळा सुजायचा आणि दिवस मावळायच्या आत ती आडवी व्हायची. दोन्ही काठांची गुरं एकाच नदीचं पाणी पिणार. मग एका काठाला लस टोचून काय उपयोग? भिंतीचं एक भोक बुजवलं, उंदीर दुसऱ्यातून आत.

आपलं सरकार तिथं गहू धाडतं, औषधं धाडतं, तसे गुरांचे डॉक्टरही धाडतं. वकिलातीतले एक साहेब होते, चष्मा लावणारे, हळू बोलणारे. पहिल्यांदा त्यांनी मैत्रीचे मोठाले फलक आणले, दोन देशांचे झेंडे छापलेले. दोन्ही काठांनी ते आनंदानं नेले आणि झोपडीच्या छपरात घातले. पाणी गळायचं थांबलं, मैत्री होती तिथंच. पण साहेब चिवट. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांपुढे ते पुन्हा पुन्हा जाऊन बसले, त्यांचं कडू पेय प्यायले, आणि एक गोष्ट कबूल करून घेतली. उन्हाळ्यात नदी आटते, मधोमध वाळूचं बेट उघडं पडतं. ते ना ह्यांचं ना त्यांचं. तिथं लस टोचायची. गड्यांनी बंदुका झाडाखाली ठेवायच्या.

ठरल्या दिवशी आपले डॉक्टरसाहेब बर्फाच्या पेट्या घेऊन बेटावर बसले. कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा दिवस ठरला, तेव्हाही दोन्ही काठ ओस. लस बर्फात राहते, बर्फ गेला की लस गेली. दोनदा ती वाया गेली. तिसरी खेप आली ती शेवटची, कारण पावसाळा तोंडावर होता. पाऊस आला की बेट पाण्याखाली जाणार आणि साथ मोकाट सुटणार.

दिपमालाच्या जिवाला ह्याचा घोर होता. तिची बायकांची तुकडी नेली होतीच मुळी बायकांशी बोलायला. आता छावणीत हसू व्हायला लागलं होतं, की बायका गेल्या आणि हात हलवत आल्या. वरच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, ह्या वेळी जमलं नाही तर बायकांची तुकडी फाटकावर पहाऱ्याला. पण त्याहून तिला लागलं होतं ते वेगळंच. तिच्यासोबत मेरी नावाची दुभाषी असायची, अलीकडच्या काठाची. मेरीच्या आईकडे एकच गाय उरली होती आणि घरात दूध पिणारी तीन नातवंडं. ती म्हातारी त्या गाईच्या गळ्यावरून रोज हात फिरवून बघायची, सूज आली का. दिपमालानं ते बघितलं आणि तिला तिच्या घरचा गोठा आठवला.

मेरीला घेऊन ती दोन्ही काठांवर फिरली. तिला एक कळलं होतं. गाईची मालकी गड्याची, पण दूध काढणं, दावं सोडणं, बांधणं बायकांचं. साहेबांनी म्हाताऱ्यांना विचारलं, बायकांना कोणी विचारलंच नव्हतं. ती बायकांत जाऊन बसली, त्यांनी दिलेलं दूध प्यायली. अलीकडच्या बायका म्हणाल्या, लस चांगलीच आहे, पण आधी त्या येऊ देत. पलीकडच्याही तेच म्हणाल्या. जी आधी उतरेल ती नमली. लग्नात व्याही रुसून बसतात ना, आधी कोण उठणार म्हणून, तशातली गत. फक्त इथं मांडवाऐवजी नदी होती आणि दोन्हीकडे मेलेली माणसं.

तिसरा दिवस उजाडला. सकाळी वच्छलाबाईचा फोन आला. त्या दिवशी आखाजी होती.

आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ही पोरीबाळींची दिवाळी. सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. गडी दिवसभर पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. मग बायका गौराई घेऊन नदीवर जातात. ह्या काठाला एका गावच्या, त्या काठाला दुसऱ्या गावच्या. आणि मग जुंपते. कमरेवर हात ठेवून एकमेकींना गाण्यातून शिव्या, वरून ढेकळं. जिच्या गावाला शिव्या सुचेनात ते गाव हरलं. संध्याकाळी त्याच बायका एकमेकींच्या लेकींची खुशाली विचारतात.

वच्छलाबाई फोनवर रडवेली झाली होती.

"आखाजीले तू घर नही, झोका सुना शे व माय," ती म्हणाली. "नदीवर आपला गावनी बाजू कोन धरी?"

दिपमाला म्हणाली, कुंदाबाईला पुढं कर, तिची जीभ काही कमी नाही. फोन ठेवला खरा, पण पोरीचं मन बुराईच्या काठीच राहिलं.

उथळ पाण्यातून गाडी बेटावर नेली आणि तळपत्या उन्हात पेट्या मांडल्या. डॉक्टरसाहेब घड्याळाकडे आणि बर्फाकडे आळीपाळीनं बघत होते. वकिलातीतले साहेब छत्री न घेता उभे, चष्म्यावर घाम. दुपार कलली तशा दोन्ही काठांवर बायका आल्या. गाई मात्र नाहीत. आल्या आणि काठावर रांग धरून उभ्या राहिल्या. अलीकडच्या रांगेत पुढं एक बोळकी आजी, पलीकडे एक उंच बाई, हातात मिटलेली काळी छत्री. आजीनं काहीतरी ओरडून सांगितलं. छत्रीवालीनं त्याहून मोठ्यानं उत्तर दिलं. मग दोन्ही रांगा पेटल्या. हात कमरेवर, माना वाकड्या, आणि हातात दगड.

बेटावरचे जवान गाडीच्या आडोशाला सरकले. साहेबांचा चेहरा उतरला.

आणि दिपमाला हसली. तिला वाटलं, अगं बाई, इथंही आखाजी असते. नदी तीच, बायका त्याच, कमरेवरचे हात तेच. फोन ठेवून काही तासच झाले होते, गावची बाजू धरायला कोणी नाही म्हणून जीव आधीच चुटपुटत होता. ती गाडीमागून निघाली, बेटाच्या टोकाला गेली, निळी टोपी मागं सारली, एक हात कमरेवर ठेवला आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल अशी खणखणीत ओरडली.

"तुम्हन्या बठ्ठ्या गाई काड्या शेतस व मायहो, कावळा बसना ते पडी जातीन!"

दोन्ही काठांच्या माना बेटाकडे वळल्या. अशी भाषा त्या नदीनं कधी ऐकली नव्हती. पण सूर मात्र कोणत्याही बाईला कळेल असा होता. बोळक्या आजीनं मेरीला विचारलं, ती टोपीवाली काय म्हणाली? मेरीलाही अहिराणी कुठली यायला. दिपमालानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, मेरीनं जीभ चावली, आणि मग आधी ह्या काठाला, नंतर त्या काठाला, जसंच्या तसं ऐकवलं, की तुमच्या सगळ्या गाई काड्या, कावळा बसला तरी पडतील. गाईला नाव ठेवलं होतं. त्या देशात ह्याच्यापुढे शिवी नाही.

आजीनं दगड हातातच ठेवला आणि तोंड दिपमालाकडे वळवलं. तिचं बोलणं मेरीनं सांगितलं ते असं.

"तुला तुझ्या आईनं कोणत्या दुष्काळात काढलं? आमच्या पाण्यातला बगळा तुझ्यापेक्षा अंगानं भरलेला असतो."

पलीकडच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. अलीकडच्यांच्या बोलण्यावर पलीकडचं कोणी हसावं, हे कित्येक वर्षांत झालं नव्हतं. छत्रीवाली हसू दाबून म्हणाली, बगळ्याला निदान मासा तरी धरता येतो, हिला डोक्यावरची टोपीही आवरेना. ह्यावर अलीकडचा काठ हसला. मग काय विचारता. एक शिवी ह्या काठावरून, एक त्या काठावरून, आणि सगळ्या शिव्यांचं तोंड बेटाकडे. दोन गावं एका बाजूला आणि आमची काडी पोर एकटी. मेरीला भाषांतर करता करता दम लागला.

दिपमालाला आता रंग चढला. तिनं शेवटचं ठेवणीतलं काढलं. म्हणाली, माझ्या आईच्या गाईपुढे तुमच्या गाई शेळ्या दिसतील. हे साफ खोटं होतं. वच्छलाबाईची गाय आखूड शिंगांची, दूध देताना लाथ मारणारी. पण परमुलखात कोण बघायला येतंय?

मेरीनं ते सांगितलं आणि हसणं एकदम थांबलं. आजीनं हातातला दगड खाली टाकला. वळून झाडीकडे हाक दिली. थोड्या वेळानं एक पोरगी मोठं जनावर घेऊन पाण्यात उतरली, पांढरीशुभ्र गाय, शिंगं अशी की दोन हात पसरले तरी पुरू नयेत. आजी स्वतः कासऱ्याला धरून बेटावर आली, गाय दिपमालापुढे उभी केली आणि म्हणाली, ही बघ, आणि मग बोल.

आता छत्रीवाली मागं कशी राहील? अलीकडच्यांची गाय बेटावर मिरवते आणि आपली गोठ्यात? तिनंही हाक दिली. तिची गाय काळी-पांढरी, गळ्यात घंटा. मग तिसरी, मग दहावी. कोणी आधी उतरलं, कोण नमलं, हा हिशोब कोणाच्या डोक्यात राहिलाच नाही. प्रत्येकीला आपली गाय त्या उद्धट पोरीच्या नाकासमोर आणून उभी करायची होती. दिपमाला शिंगांवरून हात फिरवायची, कासेकडे बघायची, "अं, ठीक शे," म्हणून नाक मुरडायची, की बाई चिडून दुसरी आणायला पळायची. आणि डॉक्टरसाहेबही कच्चे नव्हते. दिपमाला शिंग बघेतोवर त्यांची सुई मानेत जाऊन परत आलेली असायची.

एवढी गुरं बायकांना आवरेनात, तेव्हा गडीही बंदुका झाडाखाली टाकून आले आणि शिंगं धरून उभे राहिले. पण एकदा घोटाळा झाला. अलीकडचं एक वासरू पलीकडच्या कळपात घुसलं. असल्याच वासरावरून त्या नदीला रक्त लागलेलं. गड्यांनी शिंगं सोडली आणि बंदुका ठेवलेल्या झाडाकडे बघितलं. छत्रीवालीनं वासराचा कान धरला, ओढत आणलं आणि बोळक्या आजीच्या हातात दिलं. काहीतरी पुटपुटलीही. मेरी म्हणाली, ती म्हणते, पोरं आणि वासरं, दोघांनाही आपलं घर कळत नाही. आजीनं मान हलवली, आणि गडी परत कामाला लागले.

सगळ्यात शेवटी मेरीच्या आईची एकुलती गाय आली. ती टोचून झाली तेव्हा पेट्यांत बर्फाचं पाणीच उरलं होतं, आणि लसही संपली होती.

संध्याकाळी दिपमालानं मेरीला विचारलं, तुमचा हा सण दरवर्षी असतो का? मेरी म्हणाली, कसला सण? त्या खरंच दगड मारणार होत्या. मागच्या वेळी दगडानंतर बंदुका निघाल्या होत्या. हे ऐकलं आणि दिपमालानं टोपी सरळ केली, दोन्ही काठ पुन्हा एकदा बघून घेतले आणि वाळूत बसली. डॉक्टरसाहेबांनी पाणी दिलं. वकिलातीतल्या साहेबांनी जवळ येऊन विचारलं, तुम्ही नक्की काय म्हणालात त्यांना? तिनं लाजत सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. वर कळवलं ते एवढंच, की स्थानिक महिलांशी सांस्कृतिक संवाद साधण्यात आला. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत म्हणतात, ते सरकारी भाषेत असं लिहितात वाटतं.

पाऊस आला, बेट बुडालं, पण त्या साली दोन्ही काठांवर साथ उठली नाही. बायकांची तुकडी फाटकावर गेली नाही. उलट पुढच्या प्रत्येक गावी आधी त्यांनाच धाडायचं ठरलं. दिपमालाला पदक मिळालं, तेव्हा इकडे आबांनी गावभर पेढे वाटले आणि कुंदाबाई म्हणाली, शिव्या देऊन पदक मिळतं हे आधी ठाऊक असतं तर मीही धावले असते.

पाणी ओसरल्यावर पुन्हा टोचणीसाठी डॉक्टरसाहेब निघाले. दिपमाला बेटावर पोचली तेव्हा दोन्ही काठांची गुरं आधीच तिथं उभी होती, आणि पुढं बोळकी आजी व छत्रीवाली खांद्याला खांदा लावून. दोघींनी पाणी भरता भरता, दूध काढता काढता नव्या शिव्या रचल्या होत्या. एक सुरू करायची, दुसरी पुरी करायची. दिपमालानं दोन-तीन परतवल्या. मग तिला हसू आवरेना, सुचेचना, आणि दोन्ही काठांनी मिळून तिला हरवलं.

घरी फोन लावून ती आईला म्हणाली, आई, मी हरले. वच्छलाबाईनं बाहेर अंगणात जाऊन कुंदाबाईला हाक मारली आणि सांगितलं, असं हरायला नशीब लागतं.