जयवंताचं कार्ड, सखूचा तवा

सखूबाईच्या बोटांवर रेषा नाहीत. अंबरपेठच्या बाजारात, यूसुफभाईच्या पंक्चरच्या दुकानाला लागून ती रोज संध्याकाळी चूल पेटवते आणि ज्वारीच्या भाकरी थापते. इकडे त्यांना जोन्ना रोट्टे म्हणतात, आणि घेणारे बहुतेक शुगरवाले. आयुष्यभर बिर्याणी आणि डबल का मीठा हादडायचं, आणि डॉक्टरनं डोळे वटारले की सखूबाईच्या चुलीपुढं तोंड पाडून उभं राहायचं. ती त्यांना हसत नाही, त्यांच्यावरच तर तिचं घर चालतं. उलथनं तिला माहीत नाही. भाकरी बोटांनीच उलटायची आणि बोटांनीच निखाऱ्याला लावायची, असं तिच्या आईनं शिकवलेलं. इतक्या वर्षांत तव्यानं तिची दहाही बोटं घासून गुळगुळीत केली.

म्हणून सरकारच्या यंत्राला ती कधी दिसलीच नाही. रेशनच्या दुकानात अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, तरी लाल दिवा. दुकानदार म्हणायचा, "अम्मा, तुम हैइच नै बोल रई मशीन." हाडामांसाची बाई समोर उभी, घामानं निथळतेय, आणि एक डबडं सांगणार की ती नाही! कुणाच्याही अंगाचा तिळपापड झाला असता. सखूबाई मात्र पिशवी काखेत मारून निमूट परत फिरायची. यंत्राला दिसत नाही म्हणजे आणखी कुणालाही दिसत नाही, एवढं तिला पुरेसं होतं.

कारण सखूबाई पळून आलेली होती.

आईबापानं ठेवलेलं नाव सखू. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, जयवंता, आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. नवरा हिम्मतराव ढगे, नांदेडकडच्या गोदाकाठचा. वाळूचे ट्रक चालवणारा आणि माणसांनाही ट्रकसारखं हाकणारा. जॅकच्या रॉडनं त्यानं जयवंताचा डावा हात मोडला तेव्हा कालवणात मीठ जास्त झाल्याचं निमित्त होतं. बरगडी मोडली तेव्हा निमित्तही नव्हतं. गावच्या शाळेत कार्ड काढायची यंत्रं आली तेव्हा घरातल्या सगळ्या बायका ओळीनं उभ्या राहिल्या. सासूनं बोटं दिली, जावेनं दिली, हिनंही दिली. तेव्हा बोटांना रेषा होत्या. मोबाइलचा नंबर विचारला की प्रत्येकीच्या नावापुढं हिम्मतरावचाच लागायचा. त्या घरात बाईकडं फोन नसायचा आणि तिच्या नावानं काही आलं तर ते आधी गड्याच्या खिशात जायचं. यात कुणाला वावगं वाटलं नाही, तिलाही नाही.

मार खाऊन ती राहिलीही असती. पण एके दिवशी सहा वर्षांची प्रणिता टीव्हीच्या आड आली म्हणून त्यानं पोरीच्या कानाखाली अशी वाजवली की पोर भिंतीवर आदळली आणि कानातून रक्ताची धार लागली. तो कान गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी जयवंता आठवडी बाजाराला म्हणून निघाली, पोरीला काखेत मारलं, कार्ड पोलक्यात खुपसलं आणि रेल्वेत बसून नामपल्लीला उतरली. उतरली ती पुन्हा सखू होऊन.

बारा वर्षं झाली. प्रणिता बारावी झाली, एका कानानं ऐकून चांगले मार्क घेतले आणि नर्सिंगला नंबर लागला. फी माफ व्हायची होती, पण आईचं कार्ड हवं आणि त्यावर इथला पत्ता हवा, असं कॉलेजात सांगितलं. सखूबाईनं कार्ड बाहेर काढलं. आता पोरगी नर्स होणार, पांढरे कपडे घालणार, कुणापुढं मान खाली घालायची वेळ येणार नाही, हेच एक स्वप्न तिनं त्या चुलीवर इतकी वर्षं शेकलं होतं. ती कोठी भागातल्या कार्डाच्या केंद्रावर गेली.

"अम्मा, उंगलियाँ किदर गए?" यंत्रामागच्या पोरानं विचारलं.

"रोट्टे में गए," सखूबाई म्हणाली.

पोरगा हसला. त्यानं दुर्बिणीसारखं एक यंत्र तिच्या डोळ्यांना लावलं आणि हिरवा दिवा लागला. बारा वर्षांनी सरकारला सखूबाई दिसली! केवढा आनंद झाला तिला. वाटेत तिनं प्रणितासाठी उस्मानिया बिस्किटं घेतली. पत्ता बदलला, फोटो नवा आला, मोबाइलच्या नंबराचं मात्र कुणी विचारलं नाही आणि तिला तो आठवलाही नाही. नंबर होता तिथंच राहिला, गोदाकाठी, हिम्मतरावच्या खिशात.

त्याच्या फोनवर निरोप गेला की जयवंता ढगे यांचा पत्ता बदलला आहे. घरात सगळ्यांच्या कार्डांच्या झेरॉक्स होत्याच. तो तालुक्याच्या दुकानात गेला, दुकानदारानं जयवंताचा कार्डनंबर टाकला, उघडायचे आकडे हिम्मतरावच्याच मोबाइलवर आले आणि यंत्रातून सर्रकन नवंकोरं कार्ड बाहेर पडलं. बायकोचा ताजा फोटो, खाली गल्लीसकट अंबरपेठचा पत्ता. पोलिसांत न जाता, कुणाच्या पाया न पडता, पळालेली बायको घरबसल्या त्याच्या हातात आली.

तो जीप घेऊन आला तेव्हा चुलीपुढं गिऱ्हाइकांची रांग होती.

"जयवंता," तो म्हणाला.

परातीत थापता थापता तिचा हात थांबला. त्या नावानं इतक्या वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. मान वर न करताच तिनं त्याचे बूट ओळखले. त्या बुटांशी तिच्या बरगड्यांची ओळख होती.

"पोरगी कुठाय? सोळा वर्साची घोडी झाली आसंल. पावन्याला शबूद दिलाय म्या. पार्टनरच्या पोराला द्यायची हाय."

"आठरा पुरी झाली तिला," सखूबाई म्हणाली. "आन् ती शिकनार हाय."

त्यानं पिठाच्या डब्याला लाथ घातली. पीठ उडून चुलीत गेलं आणि भडका झाला. मग त्यानं तिचा अंबाडा धरला आणि तिचं तोंड लागूनच उभ्या असलेल्या फळगाड्याच्या लोखंडी कडेवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. ओठ फाटला, पुढचा दात परातीतल्या पिठात पडला, पीठ लाल झालं. रांगेतल्या बाया किंचाळल्या. यूसुफभाई टायर काढायचा पाना घेऊनच धावले, "कौन है बे तू? छोड उसको!" शेजारच्या फळवाल्यानं हिम्मतरावची गचांडी धरली, कुणीतरी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. आणखी दोन मिनिटं गेली असती तर बाजारानं त्याला चोरासारखा तुडवला असता, आणि ते बरंच झालं असतं.

पण हिम्मतरावनं खिशात हात घातला आणि कार्ड काढलं.

"बायको हाय माझी! बघा. सरकारी कार्ड हाय."

कार्ड या हातातून त्या हातात गेलं. मोबाइलच्या उजेडात लोकांनी फोटो बघितला, मग रक्तानं माखलेलं तोंड बघितलं. यूसुफभाईंनी विचारलं, "सखूबाई, ये फोटो तुमाराच है ना?"

खोटं बोलायचं तिला सुचलं नाही. तिनं मान हलवली.

"इसमें नाम जयवंता है. पती हिम्मतराव. ये तुम हैं?"

"हौ."

आणि हात ढिले पडले. गचांडी सुटली. कुणीतरी म्हणालं, "मियाँ-बीवी का मामला है, अपन क्यों पडना?" यूसुफभाईंचा पाना खाली आला. अरे लोकांनो, मघापर्यंत हा तुम्हाला गुंड दिसत होता, आणि आता कागदावर नाव दिसलं म्हणून नवरा झाला? दात तोच पडलेला, रक्त तेच वाहतंय! यंत्राला बारा वर्षं ती बाई दिसली नव्हती, आणि यंत्राला दिसली त्याच दिवसापासून माणसांना दिसायची बंद झाली. हिम्मतरावनं कार्ड झटकून खिशात ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत तिच्या पोटात लाथ घातली. ती चुलीजवळ कोसळली.

नेमकी त्याच वेळी प्रणिता क्लासवरून आली. खांद्याला दप्तर, हातात दुधाची पिशवी. बापाला तिनं ओळखलं नाही, त्यानं मात्र तिला ओळखलं. आईला सोडून तो तिकडं वळला, पोरीचं मनगट धरलं आणि जीपकडं ओढायला लागला. ती मागं रेटायला लागली तशी त्यानं हात उगारला आणि दिली ठेवून. त्याच कानावर.

तो आवाज सखूबाईनं ऐकला. बारा वर्षं तिच्या डोक्यात तोच आवाज होता.

ती उठली. चुलीवरचा तवा तिनं दोन्ही हातांनी उचलला, भाकरीसकट. तिच्या बोटांना चटका बसत नाही असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे ते. तिला बसला, कातडं चरचरलं, पण तवा तिनं सोडला नाही. पोरीच्या मनगटावर आवळलेल्या त्या पंजावर तिनं तो दाबला आणि अंगातलं सगळं बळ लावून दाबूनच धरला. जळल्या मांसाचा वास आला. हिम्मतराव असा ओरडला की पलीकडच्या मशिदीपाशी उभी असलेली माणसं धावत आली. पंजा उघडला, पोरगी सुटली. तो वाकला तसा तिनं तवा उचलून त्याच्या डोक्यात घातला. कपाळ फुटलं. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा यूसुफभाईंनी तिला मागून मिठी मारली, "बस, अम्मा, बस. मर जाएगा, फिर तुमको जेल होता."

"मरू दे," ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

पोलीस ठाण्यात हिम्मतरावला खुर्ची मिळाली, तिला जमीन. नवरा होता ना तो, आणि जखमीही! डोक्याला पट्टी, उजव्या पंजाला हे एवढं बोचकं. त्यानं पुन्हा कार्ड काढलं. बायको माझी, पोरगी माझी, पोरगी सोळा वर्षांची, हिनं पळवून आणली, माझी मला द्या. फौजदार तेलुगू होते. त्यांनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि मान डोलावली. सखूबाईला कळून चुकलं. आता पोरीला जीपमध्ये घालणार आणि पोरीचंही नाव कुणीतरी तांदळात लिहिणार.

प्रणिता उठली. तिचं मराठी मोडकं, आईपुरतंच. तिनं दप्तरातून आपलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. शाळेनं काढून दिलेलं, इथलंच. "सर, डेट देखो. एटीन कंप्लीट हो गए. मैं इनको जानती भी नहीं."

फौजदारांनी तारीख बघितली, बोटांवर वर्षं मोजली. "मेजर है लडकी. इसकू कोई नहीं ले जा सकता."

"खोटं हाय ते कार्ड!" हिम्मतराव किंचाळला.

फौजदारांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. "आपने लाया वो सच्चा, और बच्ची का झूठा?"

ज्या कागदाच्या जोरावर हिम्मतराव बायकोला भरबाजारात तुडवून आला होता, तसल्याच कागदानं त्याची वाट अडवली. फौजदारांनी दोन्हीकडच्या केसेस लिहून घेतल्या. जबाबावर सही करायची वेळ आली तेव्हा त्याचा पंजा उघडेना. मग डाव्या हाताचा अंगठा घेतला. जाताना तो दारात वळून म्हणाला, "पत्ता हाय माझ्याकडं."

तेच वाक्य सखूबाईच्या कानात घुमत राहिलं. तोंडाची सूज उतरायची वाट न बघता, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या, ती प्रणिताला घेऊन पुन्हा कोठीच्या केंद्रावर गेली. पोरगा तोच होता. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि या वेळी तो हसला नाही.

"नंबर बदल दो," ती म्हणाली. "मेरी बच्ची का डालो."

"उसके लिए तुमीच आना पडता, अम्मा. दूसरा कोई आके नहीं बदल सकता."

"मैंच आई तो हूँ."

दुर्बीण डोळ्यांना लागली. एक डोळा सुजून मिटला होता, तो तिनं पट्टी बांधलेल्या बोटांनी उघडून धरला. हिरवा दिवा लागला. नाव बदलून सखू करता येईल का, तिनं विचारलं. त्याला माहेरचे कागद लागतात, पोरगा म्हणाला. माहेरचे कागद तिच्यापाशी कुठले असणार? नाव जयवंताच राहिलं.

"और पता?" पोरानं हलक्या आवाजात विचारलं. "वो आदमी को मालूम है ना? दूसरा डाल दूँ क्या? मामा का, खाला का, किसी का भी?"

प्रणितानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "डाल दे ना, आई. सेफ रहेगा."

सखूबाईनं पडद्यावरचा पत्ता पोरीकडून वाचून घेतला. गल्ली, अंबरपेठ, हैदराबाद. बारा वर्षं जो लपवला तो पत्ता.

"नक्को," ती म्हणाली. "हाय तसाच राहू दे. त्याला यायचंच असंल तर नीट सापडाया पायजे. तवा तिथंच हाय माझा."