नाल्याकाठचं राखीव बेट

नाल्याकाठचं बांबूचं बेट गावाने तिरडीसाठी राखून ठेवलं होतं. बाकीच्या जंगलातला बांबू ग्रामसभा दरसाल ठेक्याने विकायची. या बेटाला कुऱ्हाड लागायची ती कुणी मेल्यावरच. दुःखाच्या घरावर बांबू शोधत फिरायची पाळी येऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. राखण झिंगूकडे होती, आणि झिंगूचा नकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सख्ख्या पुतण्याच्या, विनोदच्या लग्नात मांडवाला दोन बांबू कमी पडले, तेव्हाही त्याने दिले नाहीत. भावाने वर्षभर अबोला धरला. झिंगूला त्याचं काही नव्हतं. उलट जरा मिरवलाच तो.

मग एका पावसाळ्यात त्याची बायको बुधरी तापाने फणफणली. नाल्याला कमरेइतकं पाणी. पलीकडच्या सडकेपर्यंत आजारी माणूस न्यायचं तर खाट बांबूला टांगून खांद्यावर घ्यायची, हीच इथली रीत. ठेकेदाराची तोड होऊन गेलेली. जवळपास उरले होते ते कोवळे कोंब. वजन पेलणारा जून बांबू फक्त बेटात होता. पण तिरडीचा बांबू जित्या माणसाला लावणं म्हणजे मरणाला घरचा रस्ता दाखवणं, असं सगळेच मानत, आणि झिंगू सगळ्यांच्या आधी. तो कुऱ्हाड घेऊन डोंगरावर गेला. दुपारी बांबू घेऊन परतला तेव्हा बुधरी गेली होती. तो बांबू अंगणातच पडून राहिला. बेटातला तोडला, तो तिच्या तिरडीला.

पुढच्या मे महिन्यात ग्रामसभेत ठेक्याचा विषय संपला, सचिव प्रिया वही मिटणार, तोच झिंगू उठला.

"त्या दिवशी मी भिऊन डोंगरावर गेलो. तिरडीचा बांबू तिले लावला नाई. तरी मरन आलंच ना? आता लिही पोरी, ते बेट खाटेसाठी बी राखीव. पह्यले जित्यासाठी, मंग मेल्यासाठी."

कुणी हो म्हणेना. असा बांबू पहिल्यांदा लावायचा तरी कुणाच्या माणसाला, असं भावाने विचारलं. प्रियाने ठराव लिहिला, पण सह्या-अंगठे अर्ध्यांचेच झाले.

श्रावणात नाला भरला आणि विनोदची बायको बाळंतपणात अडली. विनोद कुऱ्हाड घेऊन डोंगराकडे पळाला. वाटेत बेटापाशी झिंगू उभा होता, पायाशी ताजा तोडलेला बांबू. विनोद जागीच थबकला.

"माह्या हातानं तोडला," झिंगू म्हणाला. "दोष लागला त मले लागंल. उचल."

खाट निघाली तेव्हा बांबूला पुढून विनोदचा बाप होता आणि मागून झिंगू.

चार दिवसांनी बाळ-बाळंतीण घरी आली. त्या बेटातून गेलेला बांबू आजवर मसणातच राहायचा. हा तेवढा गावात परत आला. झिंगूने तो अंगणात, बुधरीसाठी आणलेल्या वाळक्या बांबूच्या शेजारी ठेवला. मग उंबऱ्यावर बसून, ती गेल्यापासून पहिल्यांदाच, तो पोटभर रडला.