एक नंबरची मागणी

युनियनमध्ये माणूस वर्षानुवर्षं राहिला की त्याच्याकडं दोन गोष्टी साचतात, एक सांधेदुखी अन् दुसरे किस्से. सांधेदुखीवर गोळी भेटते. किश्शांवर इलाज एकच, समोर कोणी बसलं की सांगून मोकळं व्हायचं!

आमची युनियन वीज कर्मचाऱ्यांची. ऑफिस अमरावतीला, टायरच्या दुकानावर. मी तिथला कार्यालयीन सचिव, वानखडे. सगळे 'बाबू' म्हणतात. यंदाच्या पगारवाढीचे किस्से सांगतो. लोक ऐकताना हसतात. मले आता हसू येत नाही.

* * *

मागणीपत्र ठरवायची मीटिंग होती. एक जण म्हणाला, "तीस टक्के मागा, पंधरा भेटते."

दुसरा म्हणाला, "मंग साठ मागा न, तीस भेटन!"

तिसऱ्यानं शंभरचा आकडा काढला तेव्हा आमचे अध्यक्ष वसंतभाऊ बोलले, "अबे, समोर मॅनेजमेंट बसते, कुबेर नाही!"

हशा झाला. तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीतून गजानन उठला. गजानन बाळापूरचा, कंत्राटी लाइनमन. अकरा वर्षं झाली खांबावर चढून राहिला, पण पगार देतो ठेकेदार. कंत्राटी लोकांना आमच्या सभेत बसता येतं, मत नाही.

त्यानं विचारलं, "कंत्राटीयची मागणी कितव्या नंबरवर हाय जी?"

मी यादी पाहून सांगितलं, "चौदा. शेवटची."

शोभाताई अकोटच्या सबस्टेशनला ऑपरेटर आहेत अन् कार्यकारिणीतल्या एकट्या बाई. त्या फाडकन बोलल्या, "चौदा म्हणजे गेलीच समजा. वाटाघाटीत यादी खालूनच फाटते!"

बाप्पा, काय गोंधळ झाला! कारण ते खरं होतं. टेबलावर बसलं की काहीतरी सोडावं लागतं, अन् सोडायच्या मागण्या आम्ही आधीपासूनच खाली लिहून ठेवतो. तिकडच्यांनाही ते ठाऊक असतं. दोन तास भांडण चाललं. शेवटी भाऊंनी माझा पेन घेतला अन् चौदा नंबर खोडून स्वतःच्या हातानं एक नंबरवर लिहिला. कंत्राटी कामगारांना खात्यात घ्या.

म्हणाले, "हे सुटलं त मी सही करनार नाही. शब्द देतो."

 जाताना गजाननानं माझ्या टेबलापाशी थांबून ती ओळ बोट ठेवून वाचली.

* * *

मग द्वारसभा सुरू झाल्या. अकोट, बाळापूर, अकोला, रोज एका ऑफिसच्या गेटवर. भाऊंचा आवाज असा की माइक लागत नाही.

अकोल्याला उन्हानं डोकी तापू नयेत म्हणून कोणीतरी सुचवलं, सभा गेटच्या आत झाडाखाली घेऊ. सगळे आत गेले. भाऊंनी मूठ आवळून घोषणा दिली, "हम सब एक हैं!" आम्ही सगळे ओरडलो.

बाहेरून आवाज आला, "बाबू, मले आत घेऊन राहिले नाही!"

पाहतो तर गजानन. ठेकेदारानं पासची मुदत वाढवली नव्हती, म्हणून चौकीदारानं अडवलं होतं. मागण्यांचं बॅनर त्याच्याच हातात! शोभाताईंनी चपला झटकल्या अन् सभा पुन्हा उन्हात आणली. तिथं कोणी कुरकुर केली नाही, खोटं कशाला सांगू.

* * *

एक दिवसाचा संप झाला. आमचा एक दिवसाचा पगार कापला. त्याच्यावर आम्ही महिनाभर गप्पा हाणल्या, जसं काही काळ्या पाण्यावरून आलो!

संप गजाननानंही केला. चार दिवसांनी ठेकेदाराच्या यादीतून त्याचं नाव गेलं. कारण नाही, कागद नाही. मी फोन केला तर तो म्हणाला, "काही नाही बाबू, आराम करून राहिलो. तुमी एक नंबर धरून ठेवा, मी त्याच्यातच यीन परत."

माझ्या तोंडून 'हो' निघालं. दुसरं काय निघणार!

* * *

आता हा किस्सा मी कधी कोणाले सांगत नव्हतो.

भाऊ वाटाघाटीसाठी मुंबईला होते. दुपारी त्यांचा फोन आला. "बाबू, वाढ चांगली भेटून राहिली. एक नंबरवर समिती बसवतो म्हनतात. आज सही नाही केली त बोलनी बंद. कार्यकारिणीचा ठराव पाहिजे."

मी म्हटलं, "मीटिंग कशी बोलवू भाऊ एवढ्यात?"

"बोलवू नको. लिहून पाठव. सर्वानुमते मान्यता."

मी लिहिलं. अकरा जण हजर दाखवले. शोभाताईंना एक फोन करता आला असता, पण त्या काय म्हणतील हे मले पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच केला नाही. माझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली आहेत अन् पेन्शन त्या वाढीवर ठरणार होतं. भाऊंनी सांगितलं म्हणून लिहिलं, असं मी सहा दिवस स्वतःला सांगत होतो. सातव्या दिवशी कंटाळलो.

* * *

भाऊ परत आले तेव्हा ऑफिसात हार होते, पेढे होते. मी शोभाताईंपुढं बॉक्स धरला.

त्या म्हणाल्या, "हा पेढा कितव्या नंबरच्या मागनीचा व्हय, बाबू?"

मी बॉक्स घेऊन तसाच पुढं सरकलो.

संध्याकाळी गजानन आला. समितीचं त्यानं ऐकलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. तो मलेच समजावत बसला, "तुमी अकरा जन बसले असान, सगळ्या बाजूनं पाह्यलं असन. तुमच्यापुढंही अडचनी असतात." माझी मान वर होईना. मले लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

* * *

करारावर शेवटचा शब्द सर्वसाधारण सभेचा. अकोल्याला हॉल घेतला होता, दोन कूलर लावले होते, तरी सगळे घामाघूम. पद्धतीप्रमाणं आधी कार्यकारिणीच्या मागच्या सभेचा वृत्तान्त वाचायचा. तो कोणी ऐकत नाही. वाचणारा थांबला की मंजुरीचे हात वर होतात.

मी वाचत गेलो. हजर सभासदांत शोभाताईंचं नाव आलं अन् त्या उभ्या राहिल्या. "त्या दिवशी मी अकोटले ड्युटीवर होती. ही मीटिंग कुठं झाली?"

भाऊ म्हणाले, "बाबू, पुढं वाच."

मागं भिंतीशी गजानन उभा होता. मी कागद खाली ठेवला. "मीटिंग झालीच नाही," मी म्हटलं.

"मंग लिह्यलं कोनं?" शोभाताईंनी विचारलं.

"मी."

"सांगतलं कोनं?"

मी कागदांची घडी घालू लागलो. एकोणीस वर्षं त्या माणसाचं ऐकलं आहे. मग भाऊंनीच माइक घेतला, ज्यांना कधी माइक लागत नाही त्यांनी. "मी सांगतलं. शब्द मी देला होता अन् मीच मोडला. आता करार ठेवायचा का वापस पाठवायचा, तुमी ठरवा. वापस पाठवला त सगळ्यायचीच वाढ अडकन. कधी भेटन, सांगता येत नाही."

"वाढ घेऊन टाका!" मधूनच कोणी ओरडलं. टाळ्या पडल्या.

भाऊंनी हातानं टाळ्या थांबवल्या अन् गजाननले पुढं बोलावलं. स्टेजसमोर, सगळ्यांकडं तोंड करून उभं केलं.

म्हणाले, "ज्याले करार मंजूर हाय, त्यानं याच्या तोंडाकडं पाहून हात वर करावा."

कोणी हललं नाही. मग पहिला हात वर झाला, तो गजाननचाच.

"घ्या जी," तो म्हणाला. "कोनाचं तरी होऊ द्या."

शोभाताई जागेवरूनच बोलल्या, "हात खाली कर, गजानन. तुले मत नाही."

त्यानं हात खाली केला. त्याच्यानंतर एकही हात वर झाला नाही.