अंगठे शिवलेले हातमोजे

आमच्या वन्सं गणिताच्या बाई. लग्न केलं नाही, राहतात आमच्याकडेच. खरं म्हणजे आम्ही त्यांच्याकडे राहतो, घर त्यांच्या नावावर आहे. पण एवढं बोललं की आमच्या ह्यांचं तोंड दिवसभर फुगलेलं. मी घरी शिवणकाम करते, शाळेचे गणवेश बहुतेक माझ्याच मशीनवरून जातात. माझं गणित मापाच्या फितीपुरतं. वन्संच्या मात्र गणित अंगात येतं.

शाळेत जिन्याखाली अडगळीची एक खोली होती. मोडक्या खुर्च्या ओढून बाहेर काढल्या, स्वतः झाडू मारला, स्वतः रंग लावला, आणि वन्संनी तिथे आकड्यांचे खेळ मांडले. पाच मुलं ओळीत बसायची, त्यांच्या किमती एक, दोन, चार, आठ, सोळा. उभं राहिलं की किंमत धरायची, बसलं की शून्य. एवढ्या भांडवलावर ती पोरं उठबस करत एकतीसपर्यंत मोजायची आणि धापा टाकत हसायची. शिक्षा म्हणून उठाबशा काढणारी मुलं पुष्कळ पाहिली. हौसेने काढणारी तिथेच पाहिली.

सगळ्यांचं लाडकं होतं ते कोळ्याचं दुकान. भिंतीवर मोठा कोळी रंगवलेला. कोळ्याला पाय आठ, म्हणून तो आठावर मोजणार. आठ मणी झाले की एक जाळं भरलं. सात मण्यांत पाच घातले की एक जाळं भरतं आणि वर चार उरतात, म्हणून पाटीवर लिहायचं १४. मुलं दहा बोटांवर मोजून घोळ घालायची, तेव्हा वन्संनी माझ्याकडून उरल्यासुरल्या कापडाचे हातमोजे शिवून घेतले, अंगठे तळव्याला टाचलेले.

"अहो वन्सं, लोक म्हणतील हिला माणसाचा हात कसा असतो तेही माहीत नाही."

"म्हणू देत. तू टाके घट्ट घाल."

खेळाचा नियम एकच, दारावर लिहिलेला: कोळी दिसला की अंगठे आत. मुलं तो नियम अगदी रस्त्यातही पाळायची. कुणाच्या खिडकीत जाळं दिसलं की अंगठे मुठीत.

पाचवीत एक मुलगी होती, सगळे तिला गप्पी म्हणायचे, कारण ती गप्प. आकडा विचारला की तिची मान जी खाली जायची ती घंटा होईपर्यंत वर यायची नाही. वन्संनी तिला दुकानदार केलं. दुकानदाराला मुकं राहून कसं चालेल? आधी ती नुसते ओठ हलवायची, मग कुजबुजायला लागली, आणि एक दिवस मोठ्या वर्गातल्या एका दांडगटावर खेकसली, "ए, एक जाळं आणि दोन झाले, मला फसवतोस?" हे सांगताना वन्सं जेवणाच्या ताटावर रडल्या. "आवाज आहे गं तिला. चांगला खणखणीत आवाज आहे."

पण मुख्याध्यापकांचा डोळा त्या खोलीवर होता. त्यांना झेरॉक्सचं मशीन ठेवायचं होतं. "पाचवीची मंडळाची परीक्षा चांगली गेली तर खोली तुमची, नाहीतर किल्ली माझ्याकडे," ते म्हणाले. वन्सं निश्चिंत होत्या. मुलांचं नेहमीचं दहाचं गणितही त्यांनी घोटून घेतलं होतं.

परीक्षेचा पेपर कुणीतरी हौसेने सजवला होता. मुलांना आवडावा म्हणून प्रत्येक पानावर कोळी काढला होता. पहिलाच प्रश्न: जाळ्यात सात माश्या होत्या, आणखी पाच अडकल्या, आता किती? अख्ख्या वर्गाने अंगठे आत घेतले आणि लिहिलं, १४. सहा सहा माश्यांची तीन जाळी, एकूण किती? २२, म्हणजे दोन भरली जाळी आणि वर दोन. शेवटच्या पानापर्यंत तसंच.

सगळ्यांची उत्तरं चुकली, आणि सगळ्यांची एकसारखी चुकली. मंडळाने ठरवूनच टाकलं की बाईंनी उत्तरं फोडली, आणि तीसुद्धा चुकीची. वन्संनी मुख्याध्यापकांपुढे मणी मांडले. त्यांना समजलं, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

"समजलं हो मला. पण तपासणारा माणूस आहे, बाई, कोळी नाही."

"मग तसं कळवा ना त्यांना."

"काय कळवू? आमच्या शाळेत सात आणि पाच चौदा शिकवतात म्हणून?"

मग चौकशीला तिघं आले आणि एकेका मुलाला आत बोलावलं. वन्संना दारात उभं केलं होतं, बोलायची बंदी. गप्पी आत गेली. टेबलावर तोच कोळ्याचा पेपर पडलेला.

"सात आणि पाच किती गं?"

गप्पीने कोळ्याकडे पाहिलं, अंगठे आत घेतले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "चौदा!"

तिघंही पोट धरून हसले. मुख्याध्यापकही हसले. वन्संनी हे सांगितलं तेव्हा मला तर तिथे जाऊन एकेकाच्या तोंडात मारावंसं वाटलं.

खोली गेली. वन्संना वर्गातून काढून कार्यालयात बसवलं. हातमोज्यांची पिशवी घरी आली. मी म्हटलं, "अंगठे उसवून टाकू का? थंडीत कुणाला तरी होतील." तर म्हणाल्या, "राहू दे. खोली काय, पुन्हाही मिळेल." मी पिशवी त्यांच्या कपाटात ठेवली.

नव्या वर्षाच्या गणवेशासाठी गप्पी आईबरोबर आली. वन्सं आतल्या खोलीत होत्या. त्यांच्या कानावर पडावं म्हणूनच मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "बाळ, फितीवर बघून सांग बरं, बाही किती आली?"

गप्पीने फितीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मग तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान खाली घातली.

"तिला नका विचारू," तिची आई म्हणाली. "हल्ली आकडा म्हणून तोंडातून काढत नाही. बरंय, चुकत तरी नाही."

मी माप लिहून घेतलं आणि त्यांना वाटेला लावलं. आत गेले तर वन्सं पलंगावर ती पिशवी उपडी करून बसल्या होत्या. एक हातमोजा नखांनी उसवायची त्यांची खटपट चालली होती.

"कात्री दे गं," त्या म्हणाल्या. "तुझे टाके फार घट्ट आहेत."