कढीचा दुसरा घोट

द्राक्षतोडणीच्या हंगामात एका दुपारी नाशिकजवळच्या वायनरीत गेलो होतो. वाइन तयार करण्याची जबाबदारी सुनेत्राताईंकडे होती. त्या एकेका टाकीतली वाइन पेल्यात घेत, तोंडात घोळवत आणि फरशीतल्या नालीत थुंकत. दिवसभर चाखायचे असेल, तर गिळून चालत नाही.

तेवढ्यात त्यांचे पती प्रकाश डबा घेऊन आले. हंगाम सुरू झाल्यापासून सुनेत्राताईंचे डबे जवळजवळ भरलेलेच घरी परतत होते. म्हणून त्या दिवशी प्रकाशनी स्वतः कढी करून आणली होती. सुनेत्राताईंनी उभ्यानेच वाटीतला घोट घेतला, घोळवला आणि नालीत थुंकला.

"अगं, कढी आहे ती!"

कामगार खो खो हसले. सुनेत्राताई ओशाळल्या.

"आंबटपणा बरोबर जमलाय हं."

"म्हणजे नमुना पास झाला. आता पोटालाही विचार."

चव घेणे आणि जेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मला तोवर सुचले नव्हते. पहिल्याला जीभ पुरते. दुसऱ्याला काय लागते? नुसती भूक, की थोडे बसणेही?

सुनेत्राताईंनी पेला बाजूला ठेवला आणि त्या एका उलट्या क्रेटवर बसल्या. दुसरा घोट घेतला. सवयीने तोही गालांत फिरला. प्रकाश त्यांच्या गळ्याकडे पाहत होते.

गळा हलला. मग प्रकाशनी भाताचा डबा उघडला.