पारोसा पुतळा

सरकारी इस्पितळातल्या प्लंबरला सगळे नळमामा म्हणत. त्यांचं बोलणं एकदा सुरू झालं की बंद करायला पाना लागायचा. पण पाइपावर त्यांनी नुसती थाप मारली तरी पाणी गुमान यायचं.

त्या वर्षी मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणींच्या वॉर्डात ते थाप मारूनही येईना. वर पाणी चढवणारा पंप जळला होता. नवा आणायला मंजुरी हवी, आणि पाण्याचं खातं, आरोग्याचं खातं, तिजोरीचं खातं, झालंच तर झाडांचं आणि खेळांचंही खातं राजधानीत एकाच माणसाकडे. देश त्यांना थोरले साहेब म्हणे. बाकी मंत्री होते, नाही असं नाही. पण ते फोटोत टाळ्या वाजवण्यापुरते. आता एका माणसाच्या हातून किती सह्या होणार? म्हणून साहेब महत्त्वाच्या कामांपासून सुरुवात करत, आणि महत्त्वाचं काम म्हणजे साहेबांचे पुतळे.

इस्पितळाच्या दारातही एक अर्धपुतळा होता, कारंज्यात. त्याला स्वतंत्र पंप. हुकूमच होता: साहेबांच्या प्रत्येक पुतळ्याला सकाळ-संध्याकाळ वाहत्या पाण्याची अंघोळ, खर्च कुणालाही न विचारता करावा, आणि पुतळा पारोसा दिसला तर इस्पितळाच्या प्रमुखाची, म्हणजे मोठ्या डॉक्टरांची, बदली. त्यामुळे खाली साहेबांच्या खांद्यांवरून धो धो पाणी, आणि बाजूनं बाळंतिणींचे नवरे बादल्या घेऊन धापा टाकत जिना चढतायत!

अशात मामांची लेक, पहिलटकरीण, त्याच वॉर्डात दाखल झाली.

"बाबा, नर्सबाईंना हात धुवायला पाणी नाहीये हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"ऐकलंत?" मामी कडाडल्या. "जगाचे नळ दुरुस्त करत फिरता, आणि पोटची पोर कोरडी! काय करायचा तो पाना?"

मामांच्या जिव्हारी लागलं. ते तडक स्टोअररूममध्ये गेले. राजधानीतून चुकून एकाऐवजी दोन पुतळे आले होते. जादाचा परत पाठवायचा म्हणजे 'थोरले साहेब आम्हाला नकोत' असं लिहून द्यायचं. लिहिणार कोण? म्हणून साहेब बेडपॅनच्या ढिगामागे गोणपाट पांघरून बसले होते. मामांनी दोन हमालांकरवी त्यांना जिन्यानं वर नेलं, वॉर्डातल्या बेसिनशेजारी बसवलं आणि मोठ्या डॉक्टरांचं दार ठोठावलं.

"डॉक्टरसाहेब, घात झाला! थोरले साहेब तिसऱ्या मजल्यावर पारोसे बसलेत."

"तिसऱ्या मजल्यावर? तिथं कुणी बसवलं त्यांना?"

"मी."

"मग उचल की आधी!"

"लगेच उचलतो. फक्त लिहून द्या, साहेबांना बाळंतिणींच्या वॉर्डातून हाकला म्हणून."

डॉक्टरांनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. मग त्यांनी मामांकडे पाहिलं, खिडकीतून कारंज्याकडे पाहिलं आणि पुटपुटले, "पंप कुठला आणायचा ते तरी सांग, चोरा."

संध्याकाळच्या आत, साहेबांच्या अंघोळीच्या खर्चात, नवा पंप बसला. नळ आधी खोकला, मग गढूळ थुंकला आणि मग खळखळून वाहू लागला. नर्सबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले आणि थोड्याच वेळात मामांच्या नातीनं असा काही टाहो फोडला, की पुतळा सोडून सगळे दचकले.

मामींनी नातीला पदराखाली घेतलं आणि पुतळ्याकडे बघत म्हणाल्या, "चला, हा एकदाचा कुणाच्या तरी कामी आला."

"हळू बोल गं!"

तेवढ्यात भाजलेल्यांच्या वॉर्डातल्या मुख्य नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मामा, आमच्याकडेही ठणठणाट आहे. दोन दिवस साहेबांना धाडता का?"

दुसऱ्या दिवशी साहेब स्ट्रेचरवर, गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढून, निघाले. व्हरांड्यात एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. "अरेरे! काय झालं हो यांना?"

"काही नाही आजोबा," मामा स्ट्रेचर ढकलत म्हणाले. "सगळं एकट्यानं उचलायला गेले, अंगावर आलं. अंघोळ घालून आणतो."